वाटाड्याचं कार्ड

५ नोव्हेंबर २००३, बुधवार. रायपूर

युनियननं जानेवारीत दिलेली ही डायरी दहा महिने टीव्हीच्या एका पायाखाली टेकू म्हणून होती. आज ती काढली. टीव्ही डगमगला तर डगमगू दे, आता माझ्याकडे लिहिण्यासारखं काही घडणार आहे.

मी शालिग्राम ठोंबरे. छत्तीस वर्षं मालगाडीचा गार्ड होतो. गार्ड म्हणजे शेवटच्या डब्यात बसणारा माणूस. डोंगर, नदी, पूल, जे काही पाहण्यासारखं असतं ते आधी ड्रायव्हर पाहतो, मग मालाच्या साठ वाघिणी पाहतात आणि सगळ्यांचं पाहून झालं की मग गार्ड. जानेवारीत रिटायर झालो तेव्हापासून रोज बूढ़ा तालाबला फेऱ्या मारतो आणि घरी येऊन वनमालाला स्वयंपाक शिकवतो. परवा ती म्हणाली, "अहो, तुम्ही काही तरी करा बाप्पा. नाही तर मीच कुठंतरी नोकरी पाहतो."

छत्तीसगड राज्य होऊन तीन वर्षं झाली. तेवढ्यात रायपुरात प्रत्येकजण काही ना काही होऊन बसला. कोपऱ्यावरचा पानठेला 'राजधानी पान पॅलेस' झाला. माझे केस कापणारा 'राजधानी जेंट्स' झाला, कात्री तीच आहे. सदर बाजारात लाल दिव्याची गाडी आली की माझी लूना कडेला दाबतात. मग मीच मागं काहून राहू?

तर बेत असा. बस्तरात कांगेर घाटीचं राष्ट्रीय उद्यान आहे. डोंगर, साल वृक्षांचं जंगल, धबधबे, गुहा. तिथं जगदलपूरची वनपथ समिती लोकांना पायी फिरवते. रायपूरहून गट घेऊन येणाऱ्यासाठी त्यांनी एक वाटाड्या नेमायचं ठरवलं आहे. एकच. तीन फेऱ्या करून दाखवायच्या, पसंत पडलं तर फोटो आणि शिक्का असलेलं कायमचं कार्ड. मी अर्ज केला, पहिल्या फेरीची परवानगी आली. ते कार्ड मला पाहिजे. इतका ठाम मी लग्नाच्या वेळीसुद्धा नव्हतो.

आमच्या मराठी मंडळातले अकरा जण तयार झालेत. वनमालाला शिदोरीसाठी नेतो आहे.

१६ नोव्हेंबर, रविवार. जगदलपूरच्या धर्मशाळेत

पहिली फेरी फत्ते.

मी छापील वेळापत्रक वाटलं होतं. ६.१० चहा. ६.२५ प्रस्थान. ७.४० पहिला उतार. ८.०५ धबधबा, आनंद दहा मिनिटं. ८.१५ प्रस्थान. अच्युतराव हा माझा जुना शेजारी, बँकेतून रिटायर. त्यानं विचारलं, "शालिग्राम, दहा मिनिटांत आनंद नाही झाला तर?" मी म्हटलं, पुढच्या धबधब्यावर भरून काढायचा. काही लोकांना शिस्तीची थट्टाच सुचते.

समितीचा सोमारू सोबत होता. इथलाच, चाळिशीचा, धुरवा जमातीचा आदिवासी. प्रत्येक गटासोबत समितीचा एक माणूस असतोच, पण गटाची जबाबदारी वाटाड्याची. मी शिटी वाजवली तसा तो दचकला आणि म्हणाला, "बाबूजी, सीटी से चिड़िया भाग जाती है." मी सांगितलं, मी चिड़ियांसाठी वाजवत नाही, माणसांसाठी वाजवतो.

मी सर्वांत पुढं होतो. छत्तीस वर्षांनी पहिल्यांदा समोरचा डोंगर कोणी वापरण्याआधी पाहिला. छाती भरून आली, हे लिहायला लाज नाही. तिथंच उभं राहून मी घाटीच्या उत्पत्तीवर वीस मिनिटं बोललो, तोंडपाठ केलं होतं. बोलून वळलो तर मागं फक्त अच्युतराव. त्यालाही पेन्शनच्या फॉर्मबद्दल विचारायचं होतं.

बाकीचे दहाही जण अर्धा फर्लांग मागं वनमालाभोवती घोळका करून उभे. तिचे गुडघे दुखतात, ती हळू चालते, म्हणून सगळ्यांना थांबावं लागतं. बिचारे. ती त्यांना कुठल्याशा झाडाची साल नखानं खरवडून हुंगायला देत होती. तिचे वडील भंडाऱ्याकडे जंगलनाक्यावर नाकेदार होते, त्यामुळे तिला झाडपाल्याची थोडी माहिती आहे. मग ती सोमारूला विचारू लागली, तुमच्याकडं याच्या पानाच्या पत्रावळी कोणत्या काडीनं टाचतात. तोही मोकळा होऊन बोलू लागला. माझ्याशी तो शिटीनंतर 'हव', म्हणजे 'हो', याच्या पलीकडं गेला नव्हता.

सगळा कार्यक्रम एक तास दहा मिनिटं लेट. मालगाडी असती तर मला उत्तर द्यावं लागलं असतं.

२१ नोव्हेंबर. रायपूर

गोल बाजारातून टोपी आणली. रुंद काठाची, वाटाड्याला शोभणारी. घरी घालून दाखवली तर विशाल म्हणाला, "बाबा, एकदम जंगल सफारी वाले लग रहे हो. पोस्टर वाले नहीं, गाड़ी धोने वाले." हा माझा मुलगा. मोबाइलच्या दुकानात नोकरी करतो. मराठी सगळं समजतं, उत्तर हिंदीत देतो आणि अपमान दोन्ही भाषांत करतो.

मंडळातल्या गोदावरीकाकू दुपारी येऊन पुढच्या फेरीला नाव देऊन गेल्या. वय चौऱ्याहत्तर. म्हणाल्या, "वनमाला येऊन राहिली ना? मग मी येतो." मी म्हटलं, काकू, वाटाड्या मी आहे. त्या म्हणाल्या, "हो बाबा, तूही ये."

७ डिसेंबर, रविवार. जगदलपूर

आज माझा अपमान झाला. सविस्तर लिहितो.

दुसरी फेरी. समितीच्या रमा दीदी मुद्दाम पाहायला आल्या होत्या. शांत बाई, हातात छोटी वही. मी वेळापत्रक जरा सैल केलं होतं, आनंद पंधरा मिनिटांवर नेला होता. वेळापत्रकाप्रमाणे ९.२० ला कड्यावरून घाटी पाहायची. तिथल्यासारखा देखावा साऱ्या उद्यानात नाही, असं मी सर्वांना बसमध्येच सांगून ठेवलं होतं.

कड्याच्या अलीकडं सोमारू थांबला. "बाबूजी, आज उधर नहीं. भंवर बैठा है." कड्याच्या पोटाला आग्या मोहोळ बसलं होतं म्हणे. मला तर काही दिसत नव्हतं. रमा दीदी बघताहेत आणि मी एका माशीला भिऊन गट परत फिरवू? मी म्हटलं, गुपचूप जाऊन पाच मिनिटांत येऊ. आणि सगळ्यांना गोळा करायला शिटी तोंडाला लावली.

ती वाजलीच नाही. वनमालानं मागून येऊन माझ्या तोंडातून ती काढून घेतली आणि कनवटीला खोचली. आरडाओरडा नाही, काही नाही. फक्त म्हणाली, "नाकेदाराची पोट्टी आहो मी. शिटीनं मोहोळ उठते. काकू हायेत सोबत, त्यायले पळता येते का?"

मग ती सोमारूकडं वळून म्हणाली, खालच्या अंगानं वाट आहे का? तो म्हणाला, "हव दीदी." आणि सगळे चालू लागले. माझ्याकडं कोणी पाहिलंसुद्धा नाही. मी टोपी नीट केली आणि मागून गेलो.

खालच्या वाटेवर एका झाडाच्या ढोलीशी वनमालानं सगळ्यांना हातानंच बसवलं. कोणी बोलेना. दहा मिनिटांनी पहाडी मैनेची जोडी आली आणि माणसासारखी बोलू लागली. काकूंनी तोंडावर पदर धरला होता, डोळ्यांतून पाणी येत होतं. चांगला प्रसंग होता, नाही म्हणत नाही. पण वेळापत्रकात नव्हता.

नंतर रमा दीदी वनमालाशी बराच वेळ बोलत होत्या, वहीत लिहून घेत होत्या. तिच्या तिळाच्या चटणीची कृती असणार. जेवताना त्यांनी दोनदा मागून घेतली होती.

मोहोळ खरोखर होतं. परतताना दुसऱ्या बाजूनं दिसलं, सुपाएवढं, काळं, हलणारं. हे मी इथंच लिहितो. तोंडानं कबूल करणार नाही.

१९ डिसेंबर, शुक्रवार. रायपूर

पोस्टमननं पत्र माझ्या हातात दिलं. जगदलपूरचा शिक्का पाहिला आणि उभ्या उभ्या फोडलं. मग पाकिटावरचं नाव वाचलं. श्रीमती वनमाला ठोंबरे.

आत हिंदीत सहा ओळी. समितीनं विचारपूर्वक ठरवलं आहे की रायपूर गटाच्या वाटाड्या म्हणून श्रीमती ठोंबरे यांना कायमचं कार्ड द्यावं. तिसरी फेरी ११ जानेवारीला त्यांच्या नेतृत्वाखाली होईल. संमती ५ जानेवारीपर्यंत कळवावी. माझा उल्लेख शेवटच्या ओळीत आहे. 'श्री ठोंबरे के उत्साह की समिति सराहना करती है.'

उत्साहाची सराहना. रेल्वेनंही रिटायरमेंटला मला भिंतीवरचं घड्याळ दिलं होतं.

वनमाला देवळात गेली होती. मी पत्र पुन्हा पाकिटात घातलं, पाकीट या डायरीत घातलं आणि डायरी कपाटात, माझ्या जुन्या गणवेशाखाली. नीट विचार करून देऊ. तिचे गुडघे दुखतात. जबाबदारी झेपायला नको का? एकदम सांगितलं तर घाबरेल. तिच्याच भल्यासाठी थांबलो आहे.

२१ डिसेंबर

काल दुपारी जगदलपूरहून फोन आला होता. मी अंघोळीला होतो. बाहेर आलो तेव्हा वनमाला फोन ठेवत होती. मी विचारलं कोण. म्हणाली, "रमा दीदी. चटणीचं विचारून राहिल्या होत्या." चला, माझा अंदाज बरोबर निघाला.

संध्याकाळी तिनं विचारलं, "आज टपाल आलं का?" मी नाही म्हटलं. खरंच होतं, आज रविवार.

२४ डिसेंबर

"टपाल आलं का?" मी म्हटलं, विजेचं बिल आलं. ती म्हणाली, "बस?" मी म्हटलं, बस.

तिला तिच्या बहिणीच्या पत्राची वाट असेल. ती तिकडं गोंदियाला असते, दिवाळीनंतर पत्र नाही.

२७ डिसेंबर

नवलच. चोपन्नाव्या वर्षी वनमालानं कॅनव्हासचे बूट आणले आणि लुगड्याखाली घालून पहाटे बूढ़ा तालाबला माझ्या आधी जाऊन आली. विशाल तिला घेऊन दुकानात गेला होता. मी म्हटलं, कायले? म्हणाली, "गुडघ्याले बरं असते." विशाल हसला. या घरात माझ्या पाठीमागं काहीतरी शिजतं आहे. पण सध्या कपाटात काय आहे ते मलाच ठाऊक असल्यामुळे मी फार चौकशी करत नाही.

रात्री जेवण जात नाही. ॲसिडिटी आहे.

३० डिसेंबर

"टपाल?" आता ती पूर्ण वाक्यही बोलत नाही. भाकरी वाढताना विचारते आणि माझ्याकडं पाहत राहते. मी भाकरीकडं पाहतो.

आज दुपारी ती बाहेर गेल्यावर पत्र काढून वाचलं. तेच सहा ओळींचं. मग माझं छापील वेळापत्रक वाचलं. 'आनंद दहा मिनिटं' हे दुसऱ्या कोणी लिहिलं असतं तर मी त्याला महिनाभर चिडवलं असतं.

२ जानेवारी २००४, शुक्रवार

नवीन वर्षाची डायरी कोणी दिली नाही. रिटायर माणसाला दुसऱ्या वर्षी कोण विचारतं? हिच्याच शेवटच्या कोऱ्या पानांवर लिहितो.

आज मन हलकं करावं म्हणून अच्युतरावाला सगळं सांगितलं. तो आरामखुर्चीत पाय पसरून खूश होऊन ऐकत होता. म्हणाला, "बरं केलं, नाही दिलं. पाच तारीख जाऊ दे, आपोआप मिटते. बायकोच्या मागं-मागं चालायचं म्हणजे लोकायले तमाशा. अन् तिचे गुडघे दुखतात, तिले झेपते का? तिच्या भल्याचंच हाये ते."

शब्दन् शब्द माझाच होता. मी मनात म्हणत होतो तेव्हा त्यात काळजी वाटत होती. त्याच्या तोंडून ऐकला आणि मला स्वतःची किळस आली. मोहोळाच्या दिवशी ती नसती तर काकू आज जिवंत असत्या का, हे मी त्याला सांगायला हवं होतं. चहा अर्धा टाकून उठलो.

घरी आलो तर विशालनं दारातच गाठलं. "बाबा, मम्मी की चिट्ठी नहीं आई अभी तक?"

मी म्हटलं, "कोणती चिठ्ठी?"

तो माझ्याकडं बघत राहिला. "कोई भी," म्हणाला आणि आत गेला.

४ जानेवारी, रविवार

दिलं.

ती ओट्याजवळ बसून लाखोळीची भाजी निवडत होती. मी डायरीतून पाकीट काढलं आणि तिच्यासमोर परातीच्या काठावर ठेवलं. काही तरी प्रस्तावना करायची होती, ती विसरलो. ती हात पुसून पत्र वाचायला लागली. वाचून झाल्यावर पाकिटावरचा शिक्का पाहिला.

"एकोणीस तारखेले आलं," ती म्हणाली. "सोळा दिवस."

मी म्हटलं, "हो."

"मले ठाऊक होतं. रमा दीदींनी फोनवर सांगितलं होतं, पत्र टाकलं म्हणून. मी त्यायले तेव्हाच हो म्हणून देलं."

मी ओट्याला टेकलो. "मग मले काहून नाही बोलली? रोज टपाल टपाल करत होती!"

"तुमच्या हातानं यायचं होतं ते. मी वाट पाहून राहिली होती, तुम्ही देता का."

"अन् नसतं देलं तर? तू गेली नसती?"

ती पुन्हा भाजी निवडायला लागली. "गेली असती ना. तुम्हाले घेऊन नसती गेली."

एवढं बोलून तिनं मला अर्धी भाजी निवडायला दिली. मी खाली बसलो. मी माफी मागितली, हेही लिहून ठेवतो. लग्नानंतरची पहिलीच असावी. ती म्हणाली, "काड्या काढा नीट, दाताखाली येतात."

रात्री दोन भाकरी जास्त खाल्ल्या. ॲसिडिटी नव्हती.

११ जानेवारी, रविवार. जगदलपूर

तिसरी फेरी. वनमाला ठोंबरे, वाटाड्या. कार्डावरच्या फोटोत ती रागावलेली दिसते. फोटोवाल्यानं हसू नका म्हटलं होतं म्हणे. आज चौदा जण. अच्युतरावही आला, तमाशा बघायला. टोपी मी घरी ठेवली.

नाक्यावर आत जाण्याआधी हजेरी असते. समितीचा नियम असा की वाटाड्यानं स्वतः एकेकाचं नाव मोठ्यानं घ्यायचं, त्या माणसानं स्वतः हजर म्हणायचं, मगच त्याला आडव्या बांबूच्या आत सोडायचं. जंगलात किती गेले आणि किती आले याचा घोळ नको म्हणून. आधीच्या दोन्ही वेळा हजेरी मीच घेतली. वनमालाचं नाव मी कधी पुकारलं नव्हतं. घरचं माणूस, नुसती खूण करून टाकायचो.

वनमाला यादी घेऊन बांबूपाशी उभी राहिली. पायात कॅनव्हासचे बूट. आवाज पहिल्या दोन नावांना कापला, मग स्थिर झाला. गोदावरी पांडे. हजर. अच्युत गाडगे. हजर. एकेक जण आत गेला. शेवटी बांबूच्या अलीकडं मी एकटा उरलो. ती थांबली.

सगळ्यांच्या एकदम लक्षात आलं. तेहतीस वर्षं झाली लग्नाला, तिनं माझं नाव कधी घेतलेलं नाही. अहो, विशालचे बाबा, आमचे हे. रेशन दुकानात नाव विचारलं तर विशालला पुढं करायची. लग्नात एक उखाणा घेतला असेल तेवढाच.

गोदावरीकाकू आतूनच म्हणाल्या, "घे वनमाला, उखाणा घे. असा नाही सोडायचा त्याले." अच्युतरावानं टाळी वाजवली. सगळे हसायला लागले. मीही हसलो, कारण मला वाटलं ती लाजून खूण करेल आणि मी आत जाईन.

वनमाला म्हणाली, "काकू, हे हळदीकुंकू नाही. हजेरी हाये."

मग यादीकडं न पाहता, माझ्याकडं पाहून म्हणाली, "शालिग्राम ठोंबरे."

पुढं राव नाही, मागं अहो नाही. इतरांची नावं घेतली तसंच घेतलं, तेवढ्याच आवाजात. मी उभाच होतो.

तिनं थोडं थांबून पुन्हा पुकारलं, "शालिग्राम ठोंबरे. आले नसतील तर तसं लिहून घेतो मी."

"हजर," मी म्हटलं.

सोमारूनं बांबू वर केला आणि मी सर्वांत शेवटी आत गेलो.

अच्युतरावानं दिवसभर विचारलं, पहिल्यांदा काहून गप्प बसला होता? मी सांगितलं, तिच्या तोंडून दुसऱ्यांदा ऐकायचं होतं म्हणून. त्याला ते पटलं. खरं म्हणजे पहिल्या वेळी माझ्या घशातून आवाजच निघाला नाही.